पाहुण्यांकडून अजून बोली नाही

नेस्टर बिलिकला बोलायला कोणी शिकवलं नव्हतं. गप्प बसायला मात्र सगळं गाव शिकवत होतं, आणि तेही अकरा वर्षं.

आठवडाभर हा माणूस गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचा आणि सामना असला की टीव्हीवर बर्फावरच्या हॉकीचं समालोचन करायचा. बर्च क्रॉसिंग गावात कोणाला यात नवल वाटत नसे. दोन्हीकडे जीभ एकच लागते. कालवड रिंगणात आल्यापासून बाहेर जाईपर्यंत नेस्टर तिचं वय, वजन, आईचं दूध, मालकाचा स्वभाव आणि चार जणांच्या बोल्या एका श्वासात सांगून मोकळा व्हायचा. त्या आवाजाला भोंगा लागत नसे. शेवटच्या कठड्याला टेकून झोपलेला म्हातारा दचकून जागा व्हायचा आणि न मागितलेला बैल घेऊन घरी जायचा.

गावच्या टीव्ही वाहिनीचा व्यवस्थापक गॉर्डन एकदा बाजाराचं चित्रण करायला आला होता. त्याच्या नाकावर माशी बसली, त्याने हात वर केला, आणि नेस्टरने त्याला दोन कालवडी विकल्या. गॉर्डन चिडला, भांडला, मग शांत होऊन विचार करू लागला. ‘ज्याने मला, शेत ना गोठा, अशा माणसाला दोन कालवडी दिल्या, तो लोकांना हॉकी का नाही देणार?’ त्याच हिवाळ्यात नेस्टर मॅगपाईज संघाच्या सामन्यांना टीव्हीवर बसला. कालवडी पुढे गॉर्डनच्या मेहुण्याने सांभाळल्या, त्यांची वेगळीच कथा आहे, पण ती राहू दे.

मॅगपाईज हा काही मोठ्या शहरातला संघ नव्हे. पण पगारी खेळाडूंचा. उणे तीस अंशांत लोक गाड्या गरम करून, घोंगड्या घेऊन सामन्याला यायचे, आणि जे येऊ शकत नसत ते नेस्टरला ऐकायचे. चेंडूऐवजी असते ती काळी रबरी चकती कोणाकडे आहे, कोण धडकला, कोण पडला, कोण पडल्याचं नाटक करतोय, सगळं त्याच लिलावाच्या वेगात. “कोपऱ्यात गेली, मिळाली, सुटली, परत मिळाली, कोण घेतंय, कोण घेतंय, घेतली!” गावातल्या बायका म्हणायच्या, नेस्टरचा सामना लावून कणीक मळली की हात आपोआप भराभर चालतात.

आता त्या अकरा वर्षांचं.

हॉकीत गोलरक्षकाने सबंध सामनाभर समोरच्यांना भोपळा फोडू दिला नाही, की त्याच्या नावापुढे एक शब्द लागतो. तो शब्द मिळवण्यासाठी गोलरक्षक जन्मभर मार खातात. आणि त्या शब्दाचा नियम असा, की सामना संपेपर्यंत तो उच्चारायचा नाही. खेळाडूंनी नाही, प्रेक्षकांनी नाही, पाववाल्याने नाही, पाद्र्याने तर मुळीच नाही. उच्चारला की गोल होतो. का होतो ते विचारू नये. होतो. म्हणून इथेही तो शब्द सामना संपल्यावरच येईल.

नेस्टरला हे लहानपणापासून ठाऊक होतं. पण टोबी वीब नावाचा पोरगेला गोलरक्षक संघात नवा आला, पहिल्याच सामन्यात भिंतीसारखा उभा राहिला, चार गोलांची आघाडी झाली, घड्याळात थोडीच मिनिटं उरली, आणि नेस्टरला आनंद आवरेना. लिलाववाल्याला चांगला माल दिसला की गप्प बसवत नाही. तो म्हणाला, “मंडळी, हा पोरगा आज पहिल्याच सामन्यात...” आणि पुढे तो शब्द. मोठ्याने. टीव्हीवर.

समोरच्या एका दमलेल्या खेळाडूने, आपल्याला बाहेर जाऊन बसता यावं म्हणून, चकती नुसती लांब ढकलून दिली होती. नेम नाही, जोर नाही. ती बर्फावरून रमतगमत आली, एका खाचेला लागली, टुणकन उडाली आणि टोबीच्या काठीवरून जाळ्यात गेली.

सामना मॅगपाईजनीच जिंकला. पण ते कोणी लक्षात ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी पाववाल्याने नेस्टरच्या हातात पाव दिला आणि तोंड फिरवलं. रविवारी पाद्रीबाबांनी जिभेच्या पापावर प्रवचन केलं आणि सबंध वेळ तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. तिसऱ्या बाकावर नेस्टर. आणि सोमवारी संध्याकाळी स्वतः टोबी वीब, खांद्यावर बर्फ, डोळ्यांत आग, बिलिकांच्या दारात उभा राहिला. मनात चार शिव्या पाठ करून आला होता.

दार उघडलं ते नेस्टरच्या मुलीने, डारियाने.

“कोण पाहिजे?”

“तुझे... म्हणजे, बिलिक आहेत का?”

“आहेत. भांडायला आलायस ना? आत ये, बूट काढ, आधी जेव. रिकाम्या पोटी भांडू नये.”

टोबी जेवला. बटाट्याचं सारण भरलेल्या, करंजीसारख्या पेरोगी नेस्टरची बायको स्टेफा करायची, वर परतलेला कांदा आणि दाट आंबट साय. दुसऱ्यांदा वाढल्यावर त्याला पहिली शिवी आठवेना, तिसऱ्यांदा वाढल्यावर चौथीही गेली. पुढच्या उन्हाळ्यात लग्न. ज्याला शिव्या द्यायला आला, त्याचाच जावई झाला.

जावई झाला म्हणून विसरला मात्र नाही. टोबी मुळात राखीव गोलरक्षक. मुख्य गोलरक्षक दमला, आजारी पडला, तरच त्याला बर्फावर उतरवायचे. वर्षातून मोजके सामने. आणि प्रत्येक सामन्यात, कितीही चांगला खेळला तरी, कुठून ना कुठून एक गोल व्हायचाच. मग रविवारी जेवायला बसलं की टोबी सायीचं भांडं सासऱ्यापुढे सरकवायचा आणि गोड आवाजात विचारायचा,

“बाबा, त्या रात्री तुम्ही नेमकं काय म्हणाला होतात हो? मला बर्फावर नीट ऐकू आलं नव्हतं.”

“टोबी, जेवू दे त्यांना,” स्टेफा म्हणायची.

“जेवू दे की. मी कुठे ताट ओढतोय? मी नुसतं विचारतोय.”

नेस्टर खाली मान घालून कांदा वेचायचा. बाजारात कोणाला ऐकणारा नव्हता, घरी मात्र एका शब्दाने त्याची बोलती बंद व्हायची.

त्या पहिल्या सामन्यातली पँटही टोबीने टाकली नव्हती. गोलरक्षकाची जाड गादीची पँट. स्टेफाने ती इतक्यांदा शिवली होती की मूळ कापड शोधावं लागलं असतं. कमरेचं इलॅस्टिक कधीच मेलेलं. पुढून पट्ट्यांनी आवळलेली, मागून मात्र पिशवीसारखी तोंड वासून असायची.

“अरे, नवी घे ना,” स्टेफा म्हणायची. “मागून बटाटे भरता येतील यात.”

“हिचं काम अजून झालेलं नाही, आई.”

असं होता होता टोबीचे गुडघे संपले. त्या मार्चमध्ये त्याने सांगून टाकलं, हा शेवटचा मोसम. पुढे धान्याच्या कोठारावर नोकरी. घरच्या बर्फावरचा शेवटचा सामना उरला. त्यात राखीव माणसाला कोण खेळवतं? पण सामन्याच्या सकाळी मुख्य गोलरक्षक तापाने फणफणला, आणि नेस्टरच्या घरचा फोन वाजला.

“बाबा, आज टोबी खेळतोय.” डारिया.

“ऐकलं.”

“आणि तुम्ही बोलणार आहात.”

“ते माझं काम आहे, बाळ.”

“बोला. खूप बोला. पण त्याच्या हातात आज शेवटची संधी आहे आणि तुमच्या तोंडात जीभ आहे, एवढं लक्षात ठेवून बोला.”

नेमका तोच सामना सगळ्या प्रांताला दाखवायचा म्हणून मोठ्या वाहिनीने घेतला होता. त्यांची लांबलचक गाडी दुपारीच मैदानामागे लागली. गाडीत पडदेच पडदे, आणि पडद्यांपुढे ॲडेल फॉर्सिथ, निर्मात्या. टोरोंटोच्या. बारीक चणीच्या, चटकन हसणाऱ्या, हातात कायम थंड झालेली कॉफी. नेस्टरला त्या आवडल्या. त्यांनी त्याच्या कानात यंत्र बसवलं आणि म्हणाल्या,

“बिलिक, पुढच्या मोसमात पश्चिमेकडच्या सामन्यांना आम्हाला एक कायमचा आवाज हवाय. तुमचा चालेल. माझी अट एकच. दर दोन मिनिटांनी गोलसंख्या सांगायची. उशिरा टीव्ही लावणाऱ्याला पहिल्यांदा तेवढंच हवं असतं. दोन्ही संघांची, आकड्यांत, स्पष्ट.”

“त्यात काय, बाई,” नेस्टर म्हणाला. समोरच्यांचं शून्य म्हणणं म्हणजे तो शब्दच म्हणणं, हे तेव्हा त्याच्या मनातही आलं नाही. टोबी खेळतोय म्हणजे समोरच्यांचा एक गोल तर होणारच, मग आकड्याला कोण घाबरतो?

समालोचनाची खोली म्हणजे खोली नव्हेच. मैदानाच्या एका टोकाला, गोलच्या वर, छताच्या तुळईला टांगलेली फळ्यांची माचण. मधल्या चांगल्या जागी छताचा खांब येत होता. पुढे काच नाही, खाली थेट प्रेक्षक. शेजारी त्याचा जोडीदार मर्विन ऑस्टरगार्ड, जुना खेळाडू, नाक तीन ठिकाणी मोडलेला, बोलायला बेताचा आणि खायला भरपूर. खाली, बरोबर माचणीच्या तळाशी, गोलमागच्या काचेला लागून, डारिया.

तीन भागांपैकी पहिला भाग सुरू झाला. टोबी याच टोकाला. पाहुणे पोर्ट हॅलमचे, तगडे, उपाशी. त्यांनी चकतीचा पाऊसच पाडला. टोबीने एक पायाने थोपवली, एक हातमोज्यात पकडली, एक चक्क छातीवर घेतली. मॅगपाईजनी एक गोल केला. मैदान पेटलं. नेस्टर रंगात आला, “कोण घेतंय, कोण घेतंय,” आणि भाग संपला तेव्हा त्याने सहज पाटीकडे पाहिलं. मॅगपाईज एक. पाहुण्यांचा रकाना कोराच. पण एकच भाग झालाय, तो स्वतःला म्हणाला.

दुसऱ्या भागात मॅगपाईजनी आणखी एक केला, आणि टोबीने असा एक फटका अडवला की पाहुण्यांचा खेळाडू हात वर करून आनंदाने वळला होता तो तसाच वळलेला राहिला. तेव्हा मर्विनचं तोंड थांबलं. त्याच्या हातात अर्धा डोनट होता. त्याने नेस्टरकडे पाहिलं. नेस्टरने त्याच्याकडे पाहिलं. मर्विनने डोनट खाली ठेवायला हात पुढे केला.

“ठेवू नकोस!” नेस्टर ध्वनिक्षेपकावर हात दाबून फुसफुसला.

“का?”

“तो अडवला तेव्हा तुझ्या हातात होता ना? मग राहू दे हातात.”

“खाऊ?”

“खायचाही नाही. जसा आहे तसा.”

मर्विन बिचारा पाक ओघळणारा अर्धा डोनट मशालीसारखा धरून बसला. खाली पाहावं तर सगळ्या मैदानाला एकदम समजलेलं. ज्याची टोपी वाकडी होती त्याने ती वाकडीच ठेवली. ज्याला लघवीला जायचं होतं तो उठून पुन्हा बसला. आणि डारियाने तर बर्फाकडे पाठच केली. नवऱ्याकडे बघवत नव्हतं. ती मान वर करून एकटक पाहत होती ती बापाच्या तोंडाकडे.

कानात आवाज आला. “बिलिक, गोलसंख्या.”

नेस्टर ध्वनिक्षेपकाकडे वाकला. “मंडळी, मॅगपाईज दोन! आणि पाहुण्यांची पाटी अजून स्वच्...”

मर्विनने त्याच्या पायावर पाय दिला. स्वच्छ म्हणजे फारच जवळ जात होतं.

“पाहुण्यांचं...” नेस्टर घामाघूम, “पाहुण्यांचं सामान अजून गाडीतून उतरलेलं नाही.”

“काय?” कानात. “बिलिक, हे काय आहे? आकडा सांगा.”

मैदानात डारियाचं बोट ओठांवर गेलं. नेस्टरला आपली अकरा वर्षांची रविवारची जेवणं डोळ्यांपुढे दिसली. आणि मग अडल्या वेळी माणसाला आपला धंदा आठवतो, तसा त्याला बाजार आठवला. रिंगणात जनावर उभं आहे, मालकाने किंमत सांगितली आहे आणि समोरचे हात खिशातच आहेत, तेव्हा काय म्हणतो आपण?

“मॅगपाईजकडून दोन!” तो गरजला. “आणि पाहुण्यांकडून अजून बोली नाही!”

माचणीखालचे बाक हसून हलले. डारियाने बोट काढलं. गावोगाव शेतकरी टीव्हीपुढे मांडीवर थाप मारून म्हणाले, बघा, बघा, कसा निसटला! मर्विन पहिल्यांदा स्वतःहून बोलला. “बरोबर आहे, नेस्टर. गिऱ्हाईक आखडून आहे.”

ॲडेलबाईंना हा नियम ठाऊक नव्हता असं नाही. हॉकीच्या देशात वाढलेल्या होत्या. मध्यंतरात त्या स्वतः शिडी चढून माचणीवर आल्या. धापा टाकत, पण रागावलेल्या नव्हत्या.

“हे बघा, मला कळतंय तुमचं. खेळाडूंनी जरूर पाळावं. पण आपण खेळत नाही, बिलिक, आपण सांगतो. आपल्या बोलण्याने चकती हलत नाही.”

“हलते, बाई,” मर्विन म्हणाला. “मी पाहिलीय. अकरा वर्षांपूर्वी. टुणकन.”

“आणि तो डोनट का धरलाय तुम्ही?”

मर्विनने डोनट आणखी घट्ट धरला.

“बाई,” नेस्टर म्हणाला, “तो माझा जावई आहे. त्याचा आज शेवटचा सामना आहे. मागच्या वेळी मी बोललो होतो.”

ॲडेलबाईंनी एकदा खाली बर्फाकडे, एकदा डारियाकडे पाहिलं. “जावई आहे म्हणूनच तुम्ही नीट सांगायला हवं. तिसऱ्या भागात आकडा सांगा. नाहीतर पुढच्या मोसमाचं मला दुसऱ्या कोणाशी बोलावं लागेल. मी धमकी देत नाहीये. माझ्यावरही लोक आहेत.”

त्या गेल्या. मर्विन म्हणाला, “प्रांतभर आवाज जाईल, लेका. मोठी गोष्ट आहे.”

“आहे.”

“मग?”

“मग तू डोनट सांभाळ.”

तिसरा भाग. टोबी पुन्हा माचणीखालच्या गोलमध्ये आला. पाहुणे आता जीव तोडून खेळू लागले. नेस्टर बोलत होता आणि काय बोलत होता! एवढी वर्षं ऐकणाऱ्यांनीही त्याला तसं ऐकलं नव्हतं. “डावीकडून आला, उंच आहे, लांब हाताचा आहे, मारतोय, टोबी! परत आली, परत मारतोय, टोबी! अरे पायाने, पायाने काढली, गुडघे नाहीत म्हणे याला, कोण म्हणतं नाहीत!” आणि दर दोन मिनिटांनी, न चुकता, अगदी घड्याळ लावून, “मॅगपाईजकडून दोन, पाहुण्यांकडून अजून बोली नाही!” आता ते शेवटचे चार शब्द सगळे बाक त्याच्याबरोबर म्हणू लागले होते.

“बिलिक,” कानात, “आकडा.”

“पाहुण्यांकडून अजून बोली नाही!”

“बिलिक!”

मग गाडीतली गडबड त्याला कानात ऐकू आली. बाईंनी ठरवलं होतं, हा सांगत नसेल तर पडद्यावर ठळक पाटी टाकू. पण पाट्यांचं यंत्र चालवणारा एल्मर बर्च क्रॉसिंगचाच, त्या दिवसापुरता भाड्याने घेतलेला.

“एल्मर, पाटी टाक.”

“बटण अडकलंय, बाई.”

“मघाशी तर चालत होतं!”

“मघाशी चालत होतं, बाई. थंडी आहे ना.”

शेवटचं मिनिट. पाहुण्यांनी आपला गोलरक्षक काढून घेतला आणि त्याच्या जागी आणखी एक हल्लेखोर सोडला. टोबीपुढे नुसती गर्दी. काठ्या, ढोपरं, बर्फाचा भुगा. लांबून एकाने ताकदीने चकती हाणली. ती टोबीच्या खांद्याला लागली, सरळ वर उडाली, दिव्यांच्या उजेडात गेली.

आणि नाहीशी झाली.

सगळे थांबले. पाहुणे खाली बघताहेत, मॅगपाईज खाली बघताहेत, जो तो पायांत चकती शोधतोय. पंच पलीकडून धावत येत होता. त्याला वाटलं गर्दीच्या पायांत आहे, म्हणून शिट्टी तोंडापाशी नेऊन थांबला. टोबी मान इकडे तिकडे वळवत होता. हजारो माणसं आणि आवाज नाही.

माचण वाईट जागी आहे म्हणून सगळे हसायचे. पण गोलच्या बरोबर वरून, टोबीच्या पाठीवर नजर पडेल अशी जागा त्या मैदानात तेवढी एकच होती. नेस्टरने पाहिलं. चकती वरून आली होती आणि टोबीच्या कमरेत, मागे, स्टेफाने शिवून शिवून ठेवलेल्या त्या वासलेल्या पिशवीत जाऊन बसली होती. टोबीला पत्ता नाही. एवढ्या गाद्यांमध्ये त्याला वीट पडली तरी कळली नसती.

आणि गोलरक्षकाला चकती दिसली नाही की तो काय करतो? मागे सरकतो. गोलच्या तोंडाशी जाऊन जागा झाकतो. टोबीने डावी टाच उचलली. टाचेमागे हातभरावर लाल रेषा. चकती अंगात घेऊन गोलरक्षक रेषेपलीकडे गेला, की तो गोलच.

अकरा वर्षं सगळ्या गावाने एकच शिकवलं होतं, तोंड बंद ठेव. डारिया खालून नेस्टरच्या तोंडाकडेच बघत होती. आपण बोललो की काय होतं, ते त्याला माहीत होतं.

मग तो बोलला. जे दिसलं ते सांगणं, एवढाच तर त्याचा धंदा. शेवटच्या कठड्यापर्यंत पोहोचणाऱ्या आवाजात, एका श्वासात, कालवड विकावी तसं.

“चकती टोबीच्या पँटमध्ये आहे मागे कमरेत बसलीय त्याला माहीत नाही मागे सरकला तर गोल!”

त्या शांततेत ते खालच्या बाकांवर जसंच्या तसं पडलं. डारिया गर्रकन वळली. दुसऱ्या भागापासून तिने बर्फाकडे पाहिलं नव्हतं. तिने दोन्ही मुठी गोलमागच्या काचेवर आपटल्या आणि अशी ओरडली, की पुढे आठवडाभर तिला बोलता आलं नाही.

“टोबीऽऽ! हलू नकोस! हललास तर घरी येऊ नकोस!”

नवरा माणूस तो. पंचाची शिट्टी न ऐकणारे असतील, पण हा आवाज? टोबी जागच्या जागी थिजला. डावी टाच हवेत, हात पसरलेले, डोळे मोठे. एका पायावर तो तसा उभा राहिला, गुडघे संपलेला माणूस! मग काय वाटलं कोण जाणे, झाड तोडल्यासारखा सरळ पुढे पडला, पोटावर, सपाट, रेषेपासून लांब. चकती त्याच्या कमरेत, सगळ्यांना दिसेल अशी, काळी कुळकुळीत. पंच वाकला, पाहिलं, आणि शिट्टी वाजली.

माचण हादरू लागली. मर्विन उड्या मारत होता. डोनट मात्र हातात होता.

“बिलिक,” कानात ॲडेलबाईंचा आवाज, पण वेगळाच, वर चढलेला, “बिलिक, बोला, बोलत राहा, देवाशपथ बोलत राहा!”

थोडेच क्षण उरले होते. पंचाने चकती टाकली, मॅगपाईजच्या एका पोराने ती कशीबशी कोपऱ्यात नेली आणि तिच्यावर अंग टाकल्यासारखा कठड्याला चिकटून उभा राहिला. पाहुणे त्याला काठ्यांनी टोचताहेत, घड्याळ उतरतंय. नेस्टर खुर्चीवरून उठला. कानातलं यंत्र निसटून लोंबत होतं. त्याने रिंगणातल्यासारखा हात वर केला.

“मॅगपाईजकडून दोन! पाहुण्यांकडून बोली नाही! आहे का कोणी? आहे का? एक वार!”

सगळं मैदान उभं. “एक वार!”

“दोन वार!”

“दोन वार!”

भोंगा वाजला.

“तीन वार!” नेस्टरने समोरच्या फळीवर मूठ आपटली, इतकी की फळीला पडलेली चीर लोक नंतर बघायला यायचे. “दिला! टोबी वीब! पहिला आणि शेवटचा! शटआउट! शटआउट, मंडळी, शटआउट! अकरा वर्षं तोंडात धरून बसलो होतो, शटआउट!”

तो किती वेळा म्हणाला ते कोणी मोजलं नाही. मर्विनने डोनट एका घासात खाल्ला आणि रडायला लागला. पाकामुळे रडतोय की कशामुळे, कोणी विचारलं नाही. खाली टोबी अजून पालथाच होता, आणि काच ओलांडून त्याच्या पाठीवर जी बाई पडली होती ती डारिया.

गाडीत एल्मरचं बटण त्याच क्षणी सुटलं. पडद्यावर पाटी आली. दोन, शून्य.

ॲडेलबाईंनी जाताना नेस्टरचा हात हातात घेतला. “मी वर काय सांगू त्यांना? माझा समालोचक आकडा सांगत नाही, बोली सांगतो?”

“खरं तेच सांगा, बाई.”

“दर दोन मिनिटांनी सांगितलंत हे मात्र खरं,” त्या म्हणाल्या, आणि हसल्या. पुढच्या मोसमात पश्चिमेचा कायमचा आवाज म्हणून त्यांनी दुसऱ्याच एकाला घेतलं. चांगला होता, आकडे स्पष्ट सांगायचा. नेस्टर बर्च क्रॉसिंगच्या माचणीवरच राहिला. पण दर हिवाळ्यात एकदा ॲडेलबाईंचा फोन यायचा, “बिलिक, मॅगपाईजचा गोलरक्षक आज कसा आहे? बोली आलीय का?”

त्या रविवारी पेरोगींची परात टेबलावर आली. टोबी नवी कोरी पँट घालून आला होता, साधी, बाहेर फिरायची. त्याने खिशातून ती चकती काढली, सायीच्या भांड्याशेजारी ठेवली आणि भांडं सासऱ्यापुढे सरकवलं.

“बाबा, परवा रात्री तुम्ही नेमकं काय म्हणाला होतात हो?”

नेस्टरने काटा खाली ठेवला. छाती भरून श्वास घेतला, हात वर केला.

“जेवून घ्या आधी,” स्टेफा म्हणाली. “माझ्या काचेच्या बशा आहेत.”

डारियाचा घसा बसलेलाच होता. तिने नुसत्या खुणेने आईला सांगितलं, बशा उचल. आणि स्टेफाने खरोखर उठून एकेक बशी कपाटात ठेवली.